इंडोनेशियातल्या गल्लीत राहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जकार्तात पोस्टिंग झालंय, सुराबायाच्या फॅक्टरीत बदली झालीये, असं कुणी कळवलं की मागोमाग तेच तेच प्रश्न येतात. व्हिसा, टॅक्स, मुलांच्या शाळा यावर कंपनीचे लोक सगळं सांगतात, पण फाटक उघडून रस्त्यावर पाऊल टाकल्यावर काय होतं ते कुणी सांगत नाही. मी आधी जकार्तात टॉवरमध्ये राहायचे, आता योग्याकार्तात, म्हणजे इथले सगळे ज्याला जोगजा म्हणतात तिथे, एका गल्लीत राहते. त्यामुळे खालची बरीचशी उत्तरं जोगजाची आहेत, जकार्तात वेगळं असेल तिथे तसं लिहिलंय. बाली आणि सुमात्रा हे फार वेगळे विषय आहेत, त्यात इथे फारशी शिरत नाही.

घर घेतल्यावर पहिलं काम काय करायचं?

पाक एर-तेंना जाऊन भेटा. सामान लावायच्या आधी, वायफायवाल्याला फोन करायच्याही आधी.

एर-ते म्हणजे काही डझन घरांचा एक गट, असे काही गट मिळून एर-वे, आणि प्रत्येकाचा एक प्रमुख असतो जो त्याच गल्लीत राहतो, त्याला सगळे पाक एर-ते म्हणतात, बाई असेल तर बू एर-ते. ही रचना जपानी लोकांनी १९४२ ते १९४५ च्या ताब्यात असताना आणलेल्या शेजारी-गटांवरून आलीये, नंतर स्वातंत्र्य मिळालं तरी ती टिकली आणि आता तिच्याशिवाय गल्ली चालतच नाही. पासपोर्टची झेरॉक्स, भाडेकराराची झेरॉक्स घेऊन जा, सोबत फळं किंवा बिस्किटांचा डबा असला तर छान. बऱ्याच गल्ल्यांच्या तोंडाशी पाटी असते की मुक्कामी पाहुण्यांची २४ तासांत नोंद करा. ती पाटी शोभेची नाहीये, आई-बाबा महाराष्ट्रातून महिनाभर राहायला आले तर त्यांचीही माहिती द्यायची.

पुष्कळ भारतीय लोक हे काम एजंटवर सोपवतात आणि मग वर्षभर राहूनही गल्लीत त्यांना कुणी ओळखत नाही. मला हे खरंच वाईट वाटतं, कारण पाक एर-ते तुम्हाला कचऱ्याची वर्गणी किती, पाण्याचे जार कोण आणून देतं, रात्री फाटक किती वाजता बंद होतं आणि कुणाच्या घरी आजारपण आहे म्हणून त्या बाजूला हॉर्न वाजवायचा नाही, हे सगळं पंधरा मिनिटांत सांगतात. चहा मात्र प्यावाच लागतो, गोड असतो, समोर ठेवल्यावर लगेच उचलू नका, ‘घ्या’ म्हणाले की घ्या.

रात्री बारा-एकला बांबू ठोकल्यासारखा आवाज येतो, काय प्रकार आहे?

गस्त. तिला रोंदा म्हणतात. गल्लीतले पुरुष आळीपाळीने रात्री फिरतात, कोपऱ्यावर एक छोटी चौकी असते, तिथे चटई, कॅरम किंवा बुद्धिबळ, आणि आत टांगलेला पोकळ लाकडाचा किंवा बांबूचा ठोकळा, केंतोंगान. चोर, आग, पूर यासाठी ठोके वेगवेगळे असायचे, आता मोबाईल ग्रुप आहेत तरी ठोकळा आहेच.

फाटकाशेजारी भिंतीवर बघा, एखादा छोटासा प्लास्टिकचा कप किंवा अर्धा कापलेला डबा खिळ्याला लटकवलेला दिसेल. गस्तवाले फिरताना त्यातली नाणी गोळा करतात, याला जिम्पितान म्हणतात, पूर्वी चिमूटभर तांदूळ ठेवायचे, आता बहुतेक ठिकाणी ५०० किंवा १००० रुपियाचं नाणं. रक्कम काहीच नाही. पण वर्षभराच्या त्या नाण्यांमधून गल्लीतला दिवा बदलतो, गटाराचं झाकण येतं, कुणी दवाखान्यात असेल तर भेटायला जाताना पाकीट जातं, आणि हिशोब महिन्याच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवतात. घरी नसाल तेव्हा काही दिवसांची नाणी एकदम टाकून ठेवा किंवा शेजारी देऊन जा. कप रिकामा राहिला म्हणून कुणी दार वाजवणार नाही, पण त्यांना कळतं.

दिवसभर गल्लीतून नाना तऱ्हेचे आवाज येतात, कोण काय विकतं ते कसं ओळखायचं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, आणि याचं उत्तर गल्लीगल्लीत थोडं बदलतं.

पहाटे साडेचारच्या आसपास अजान, मग सहाच्या सुमाराला भाजीवाला मोटरसायकलवर येतो, मागे लाकडी खोका आणि त्याच्या चहूबाजूंनी लटकणाऱ्या छोट्या छोट्या प्लास्टिकच्या पिशव्या, एकात फक्त पाच-सहा मिरच्या, एकात सूपचं गाजर-कोबी-सेलरी चिरायला तयार, एकात चौकोनी तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी. बायका घरच्या कपड्यांत बाहेर येऊन त्याच्याभोवती उभ्या राहतात आणि दहा मिनिटं तिथे सगळ्या गल्लीच्या बातम्या मिळतात. भाषा शिकायचीये ना, क्लास लावाच, पण रोज सकाळी भाजीवाल्यापाशी उभ्या राहा.

सात-आठच्या सुमाराला जामूवाली बू. जामू म्हणजे जडीबुटीचं पारंपरिक औषधी पेय. पाठीवर टोपली, ती खांद्यावरून घेतलेल्या कापडाच्या झोळीत बांधलेली, टोपलीत काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बाटल्या, हातात ग्लास धुवायला पाण्याची छोटी बादली. हळद-चिंचेचं एक, तांदूळ आणि केंचूर नावाच्या आल्यासारख्या कंदाचं एक, आणि एक भयंकर कडू, ज्याच्यानंतर ती स्वतःच काहीतरी गोड अर्धा ग्लास ओतून देते, तोंड धुवायला म्हणून, त्याचे पैसे घेत नाही. तुम्ही काय झालंय ते सांगितलं की ती ठरवते दोन बाटल्यांतलं किती किती मिसळायचं. २०२३ मध्ये जामूची परंपरा युनेस्कोच्या यादीत आली, पण अशा पायी फिरणाऱ्या बायका कमी होत चालल्यात, आता बऱ्याच जणी सायकल किंवा स्कूटरवर असतात. तुमच्या गल्लीत चालत येणारी असेल तर तिच्याकडून घ्या, आणि कृपा करून घासाघीस करू नका.

ब्रेडवाल्याचं रेकॉर्ड केलेलं गाणं वाजतं, एकदा ऐकलं की डोक्यातून जात नाही. वाडग्यावर चमचा वाजवत जातो तो बाक्सोवाला, म्हणजे मांसाचे गोळे घातलेलं सूप. संध्याकाळी एक सलग बारीक शिट्टी ऐकू येते, कुकरची शिट्टी अडकून पडावी तशी, तो पुतूवाला, बांबूच्या नळीत तांदळाचं हिरवं पीठ आणि मधे गूळ भरून वाफवतो, वाफ त्या शिट्टीतूनच बाहेर पडते, वरून किसलेलं खोबरं. हे नक्की खा. रात्री कढईवर उलथनं टेक टेक वाजतं, तो नासी गोरेंग, फोडणीचा भात म्हणा.

आणि एक बीप बीप असा आवाज येईल जो थांबतच नाही. तो कुणी विकत नाहीये. इथे वीज बहुतेक घरांत प्रीपेड आहे, युनिट संपत आले की मीटर ओरडतं, दुकानातून किंवा अॅपवरून २० आकडी नंबर घेऊन मीटरवर टाकायचा. शेजारचं मीटर वाजत असेल आणि ते घरी नसतील तर मेसेज करा, फ्रीजमधलं वाचेल त्यांचं.

शाकाहारी आहोत, रस्त्यावर काय खाणार?

खूप काही, पण विचारून. अडचण मांसाची नाही, ते दिसतं. अडचण तेरासीची आहे, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, जो चटणीत, पालेभाजीत, शेंगदाण्याच्या सॉसमध्ये कुठेही असू शकतो. ‘तान्पा तेरासी’ हे दोन शब्द पहिल्या दिवशी पाठ करा, तेरासी नको. नुसतं व्हेजिटेरियन म्हणालात तर बरेच जण ‘मग चिकन घालू का’ विचारतात, म्हणून नाव घेऊन सांगायचं: मांस नको, चिकन नको, मासे नको, सुकी मासळी नको, तेरासी नको.

तेम्पे आणि ताहू, म्हणजे टोफू, हे गरिबाच्या घरापासून सगळीकडे रोज खाल्लं जातं, ताजं मिळतं, स्वस्त असतं. पेचेल म्हणजे उकडलेल्या पालेभाज्यांवर शेंगदाण्याची चटणी, ही समोर वाटून देत असतील तर तेरासी वगळता येतं. जोगजात गुदेग आहे, कोवळा फणस नारळाच्या दुधात आणि गुळात तासन्‌तास शिजवलेला, आपल्याकडे कोकणात फणसाची भाजी खाल्लेल्यांना सुरुवातीला तो अति गोड लागतो पण चटक लागते. त्याच्या ताटात चिकन आणि गुराच्या कातडीची भाजी येते, ती काढून ताहू-तेम्पे मागा. कडक पाळत असाल तर फणस चिकनच्या पाण्यात शिजवलाय का तेही विचारा, काही ठिकाणी तसं करतात.

गोरेंगानची गाडी म्हणजे भज्यांची गाडी. भाजीची, तेम्पेची, केळ्याची, ताहूच्या आत गाजर-मोड आलेले मूग भरलेली, आणि सोबत कच्ची हिरवी मिरची तशीच चावायची. पाऊस असेल तर मराठी माणसाला यापेक्षा काय हवं. भाजीच्या भज्यात कधी कोळंबी असते, विचारा.

आंगक्रिंगान रात्रीचा. लाकडी गाडा, वर ताडपत्री, कोळशावर तीन किटल्या, आणि फळीवर केळीच्या पानात गुंडाळलेल्या मूठ-मूठ भाताच्या पुड्या, एकात सुकी मासळी, एकात तेम्पे. बाकावर किंवा चटईवर बसायचं, हवं ते उचलून खायचं, उठताना आपणच सांगायचं काय काय खाल्लं, आणि गाड्यावरचा दादा मनातल्या मनात बेरीज करतो. कुणी मोजत नाही, कुणी बघत नाही. जोगजाच्या तुगु स्टेशनच्या उत्तरेला जळता कोळसा टाकलेली कॉफी मिळते, कोपी जोस, चर्र आवाज येतो, चव सौम्य लागते. रिक्षावाला, कॉलेजची पोरं, बँकेतला साहेब एकाच बाकावर बसलेले मी इथे रोज बघते.

नोटांवरची शून्यं बघून गोंधळ उडतो.

सगळे शेवटची तीन शून्यं गाळूनच बोलतात. पंधरा म्हणाले म्हणजे १५,०००. लाल नोट १,००,००० ची, निळी ५०,००० ची, आणि खिशात राखाडी २,००० च्या नोटा कायम ठेवा, कशासाठी ते पुढच्या उत्तरात. दुकानात, गाड्यांवरसुद्धा आता क्युआर कोड चालतो.

दुकानासमोर शिट्टी वाजवणारा माणूस कोण? त्याला पैसे द्यायलाच हवेत का?

तुकांग पार्किर. नारिंगी किंवा हिरवं जॅकेट, तोंडात शिट्टी, तुम्ही येताना दिसत नाही पण निघताना नक्की दिसतो अशी इथल्या लोकांचीच तक्रार असते. दुचाकीला साधारण २,०००, कारला ५,०००. काही जण पालिकेची पावती देतात, बरेच जण देत नाहीत, आणि ‘पार्किंग फ्री’ अशी पाटी लावलेल्या मिनीमार्टबाहेरही असतात. इंडोनेशियन लोक यावर सतत वाद घालतात आणि त्यांचा राग मला पटतो, कारण पैसा शेवटी कुणाकडे जातो ते कळत नाही.

तरी मी देते. उन्हात तापलेल्या सीटवर पुठ्ठा टाकून ठेवणारा, चाळीस स्कूटर हाताने सरकवून माझी बाहेर काढून देणारा, वाहत्या रस्त्यावर हात आडवा धरून मला वळायला जागा करून देणारा माणूस दोन हजारांचं काम नक्की करतो. नुसता उभा राहून हात पुढे करणारा असेल तर हसून ‘माआफ’ म्हणून निघा, भांडू नका. जकार्तात यू-टर्नवर गाड्या थांबवून देणारे पोरं-पुरुष असतात, त्यांना पाक ओगाह म्हणतात, मुलांच्या टीव्हीवरच्या एका बाहुल्याचं नाव आहे ते. तिथेही नाणं चालतं.

फिरायचं कसं?

ओजेक, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी. गोजेक २०१० मध्ये फोनवरून सुरू झालं, २०१५ ला अॅप आलं आणि तेव्हापासून हिरव्या जॅकेटांनी शहरं भरून गेलीत. माणूस नेतो, जेवण आणतो, विसरलेली किल्ली घरून आणून देतो. हेल्मेट तो देतो, आत घालायला पातळ रुमाल जवळ ठेवा.

जकार्तात ट्रान्सजकार्ताची बस २००४ पासून आहे, तिकीट ३,५००, स्वतंत्र लेन, आणि २०१९ पासून मेट्रो. शहरात गाडी घेऊन अडकण्यापेक्षा याने फिरा. रविवारी सकाळी सुदिर्मान-थामरिनचा मोठा रस्ता गाड्यांना बंद असतो, सगळं शहर चालायला, सायकल चालवायला येतं, मुलांना घेऊन नक्की जा.

आणि हो, बजाज! जकार्तात तीनचाकी रिक्षाला बजाजच म्हणतात, उच्चार ‘बाजाय’. १९७०च्या दशकापासून आपल्या पुण्याच्या बजाजच्या रिक्षा इथे यायला लागल्या, आधी नारिंगी होत्या, प्रचंड धूर आणि खडखडाट, आता निळ्या आणि गॅसवर चालतात. आकुर्डीच्या कारखान्यात काम केलेले काका भेटायला आले होते, त्यांनी निळ्या बजाजच्या टपावर हात फिरवला आणि ड्रायव्हरशी खाणाखुणांनी इंजिनावर बराच वेळ बोलत बसले. मीटर नसतो, बसायच्या आधी भाव ठरवा.

जोगजात बेचाक आहेत, सायकलरिक्षा, फक्त प्रवासी पुढे आणि चालवणारा मागे. बरेचसे चालवणारे म्हातारे आहेत. छोट्या अंतराला त्यांना घ्या आणि ठरल्यापेक्षा थोडं जास्त द्या.

पायी चालता येतं का?

मालिओबोरो, म्हणजे जोगजाचा मुख्य बाजाररस्ता, आणि जकार्तातले मोठे रस्ते इथे उत्तम, बाकी ठिकाणी फूटपाथ आहे-नाही असं. मालिओबोरोवरचे फेरीवाले २०२२ मध्ये उठवून बाजूच्या बांधलेल्या बाजारात नेले, चालायला जागा झाली हे खरं, पण काही जणांचा धंदा बसला हेही तितकंच खरं, तेव्हा खरेदी करायची तर त्या बाजारात आत, मागच्या गाळ्यांपर्यंत जा. रस्ता ओलांडताना एक हात खाली तिरका धरून सावकाश चाला, थांबू नका आणि पळूही नका, स्कूटरवाले वळसा घालून जातात. बालीत फूटपाथवर पानाच्या छोट्या द्रोणात फुलं-उदबत्ती ठेवलेली असते, ती पूजा आहे, पाय लावू नका.

जोगजात पत्ता विचारला तर डावं-उजवं सांगत नाहीत, उत्तर-दक्षिण सांगतात. मेरापी ज्वालामुखी उत्तरेला, समुद्र दक्षिणेला, एवढं लक्षात ठेवलं की काम भागतं.

ओळख ना पाळख, सगळे विचारतात कुठे चाललात, लग्न झालं का, मुलं किती?

आपल्याकडेही विचारतातच की. हसून ‘इथेच, फिरायला’ म्हणा, कुणाला खरा पत्ता नको असतो. वयाने मोठ्यांना पाक आणि बू, तरुणांना मास आणि म्बाक, जकार्तात पुरुषांना बांगसुद्धा. नुसत्या नावाने हाक मारू नका, ड्रायव्हरलाही नाही.

काय केलं तर लोक दुखावतात?

आवाज चढवणं, सगळ्यात आधी. चार लोकांत कुणाला झापलंत, भले चूक त्याची असेल, तरी तुमच्याबद्दलचं मत कायमचं बदलतं आणि तोंडावर कुणी काहीच बोलत नाही. डाव्या हाताने पैसे देऊ नका. बोट रोखू नका, जावामध्ये अंगठ्याने दाखवतात. लोक बसलेले असतील तर समोरून जाताना थोडं वाकून, उजवा हात खाली करून ‘पेर्मिसी’ म्हणत जा. मला तर हे इतकं आवडतं की पुण्यात आले तरी आपोआप वाकायला होतं.

रमजानमध्ये आणि ईदला काय बदलतं?

सगळं. पहाटे तीनला मुलं डबे बडवत उठवायला फिरतात. दिवसा बरीच वारुंग, म्हणजे छोट्या खाणावळी, बंद, काही उघडी असतात पण खिडकीला अर्धा पडदा, खाली फक्त बाकावरचे पाय दिसतात. तुम्ही आत बसून खा, रस्त्यावर चालताना खाऊ-पिऊ नका, एवढं पाळलं तरी पुरे. चारनंतर मात्र रस्ता फुलतो, रोजा सोडायच्या गोड पदार्थांचे स्टॉल लागतात, जोगजात जोगोकार्यान मशिदीचा रस्ता त्यासाठी प्रसिद्ध आहे, आपण रोजा न धरणारे गेलो तरी कुणाला खटकत नाही. विषुववृत्ताजवळ असल्याने सूर्य वर्षभर सहाच्या आसपासच मावळतो, त्या पाच-दहा मिनिटांत वाहतूक अंगावर येते, तेव्हा घरी थांबा.

ईदच्या आधी सगळे गावी निघतात. घरकामाच्या बाईंना, ड्रायव्हरला एक महिन्याचा जास्तीचा पगार आधी द्यायचा असतो, कचरावाल्यासाठी गल्ली वर्गणी काढते त्यातही भर घाला. आठ-दहा दिवस भाजीवाला नाही, वारुंग नाही, म्हणून डाळ-तांदूळ भरून ठेवा. ईदच्या दिवशी शेजाऱ्यांकडे जा, नव्या कोऱ्या छोट्या नोटा मुलांसाठी घेऊन.

गल्लीचा रस्ता अचानक बंद असतो, असं का?

मांडव असेल. लग्नाला सरळ रस्त्यावरच मांडव घालतात, तोंडाशी नारळाच्या कोवळ्या पानांची कमान, लाऊडस्पीकरवर दांगदुत नावाचं इथलं लोकप्रिय संगीत, ज्यात हिंदी सिनेमाच्या चालींचा वास येतोच. आमंत्रण नसेल तरी शेजारी म्हणून पाकीट द्या.

जकार्तात कोपऱ्यावर पिवळा झेंडा दिसला, जोगजात पांढरा, तर गल्लीत कुणीतरी गेलंय. गाडीचं संगीत बंद करा. मशिदीच्या स्पीकरवरून नाव सांगतात, जोगजात छापील कागदही चिकटवतात, त्यावर सगळ्या नातेवाइकांची नावं. अंत्यविधी लवकर होतो, म्हणून ऑफिसनंतर जाऊ असं करू नका, पाच मिनिटं का होईना लगेच जा, खुर्च्या मांडलेल्या असतात, गप्प बसलात तरी चालतं. परका माणूस आला हे त्या घरचे विसरत नाहीत.

आणि ऑगस्ट. १७ तारखेला स्वातंत्र्यदिन, पण महिनाभर आधीपासून कमान रंगवणं, लाल-पांढऱ्या पताका, पोत्यातली शर्यत, दोरीला टांगलेले कुरकुरीत पापड हात न लावता खायची स्पर्धा, तेल लावलेल्या खांबावर चढणं. १६ च्या रात्री गल्लीत चटया टाकून सगळे एकत्र जेवतात. तुम्हाला बोलावतील. जा.

सुरक्षित आहे का?

जकार्ता-सुराबायात फोन हातात धरून रस्त्याच्या कडेला उभ्या राहू नका, बाईकवरून हिसकावतात. बाकी मी रात्री दहाला एकटी ओजेकने येते. गल्लीचं फाटक नंतर बंद होतं, उशीर होणार असेल तर गस्तवाल्यांना कळवायचं.

पावसाचं काय?

साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, दुपारनंतर, एकदम धो धो. पहिला थेंब पडला की सगळे स्कूटरवाले एकाच वेळी कडेला थांबून सीटखालून रेनकोट काढतात आणि ज्यांच्याकडे नाही ते फ्लायओव्हरखाली उभे राहतात, तिथेच कुणीतरी सायकलवर कॉफीची पाकिटं आणि थर्मास घेऊन येतो. मॉलबाहेर मुलं मोठ्या छत्र्या घेऊन तुम्हाला टॅक्सीपर्यंत सोडतात, स्वतः भिजत मागून चालतात, त्यांना नीट पैसे द्या. स्वतःची स्कूटर घेतलीत तर पहिल्या आठवड्यातच रेनकोट घ्या, आणि तो शर्ट-पँटवाला घ्या, वरून घालायचा झगा स्वस्त मिळतो पण त्याचं टोक चाकात अडकतं.